पॅकिंगचा कागद

डिचोलीहून साखळीला जाताना डाव्या हाताला यशवंत मिस्त्र्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, चार खांब, वर पत्रे, मागे एक चिऱ्याची खोली आणि पुढे रस्त्यापर्यंत ऑइल पिऊन पिऊन काळी झालेली जमीन. खनिजाचे ट्रक दिवसभर दारावरून जात आणि जाताना मूठ मूठ तांबडी धूळ आत टाकून जात. सकाळी झाडलेलं गॅरेज दहा वाजता पुन्हा तांबडं. "आमी मेलो काय आमची फुफ्फुसां बोटीर घाला नि जपानाक धाडा," यशवंत म्हणायचा, "चांगलो भाव येतलो."

गोवा मुक्त होऊन सतरा वर्षं उलटली होती. जानेवारीचा महिना, अकरा तारीख, गुरुवार. यशवंतच्या हाताखालचा सगुण सकाळपासून एका जुन्या लष्करी ट्रकच्या पुढच्या ॲक्सलखाली उताणा पडलेला होता.

या ट्रकचं थोडं सांगायला हवं. साध्या ट्रकची मागची चाकं गाडी ढकलतात आणि पुढची नुसती वळतात. ही गाडी लष्कराच्या लिलावातली, हिची पुढची चाकंही ओढायची. त्यामुळे हिच्या पुढच्या ॲक्सलच्या पोटातही एक डिफरन्शियल होतं, दातेरी चक्रांचं पन्नास-साठ किलोचं धूड, आत खुपसून दहा नटांनी आवळलेलं. खाणीच्या खड्ड्यात उतरायला आणि चिखलातून परत चढायला अशीच गाडी लागते. साडेचार वर्षांपूर्वीच्या जुलैत ती पंपाचे पाइप घेऊन खड्ड्यात उतरली, वरची दरड खाली आली, आणि गाडी गेली. खड्डा पाण्याने भरला. मालकाने तो तसाच सोडून दिला. गेल्या डिसेंबरात नव्या ठेकेदाराने पाणी उपसलं तेव्हा ती तळाशी चिखलात चारही चाकांवर उभी होती. ड्रायव्हरच्या बाजूचं दार नव्हतं. आत माणूस नव्हता, माणसाचं काही नव्हतं.

ड्रायव्हर होता धाकू, सगुणचा थोरला भाऊ.

तो बुडाला असं निम्मी डिचोली म्हणत होती. उरलेली निम्मी म्हणत होती की त्याने गाडी उतारावर उभी केली, ब्रेक लावायला विसरला, गाडी गेलेली बघून घाबरला आणि पळाला. कुणी त्याला सावंतवाडीच्या स्टँडवर पाहिला होता, कुणी मुंबईच्या बोटीत. बापाशी त्याचं आदल्या दिवशी वाजलं होतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

सगुणला तेव्हा रडू आलं नव्हतं, पुढेही कधी आलं नाही. तो कामावर जायचा, जेवायचा, झोपायचा. त्याला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

यशवंतने गाडी भंगारात घेतली तेव्हा तो सगुणला एवढंच म्हणाला, "तुका काय बघूचा आसात ता बघून घे. मगे मी मोडतंय." आणि सगुणला काय बघायचं होतं ते पक्कं होतं. धाकू पुढच्या चाकांचा जोर फक्त चढ चढताना जोडायचा, उभ्या गाडीला कधीच नाही. तेव्हा पुढच्या डिफरन्शियलचे दात तुटलेले निघाले, तर दरड आली त्या क्षणी कुणीतरी आत बसून जीव खाऊन गाडी वर काढत होतं. दात साबूत असले, तर गाडी रिकामीच घसरली. मधलं काही नव्हतं.

म्हणून ते डिफरन्शियल बाहेर काढायचं होतं. आणि ते निघत नव्हतं.

चार दिवस त्याने नटांना डिझेल पाजलं होतं. साडेचार वर्षं पाण्यात राहिलेला लोखंडी नट म्हणजे छिन्नी आणि ब्लो-लँपचं काम, ही तयारी ठेवून त्याने पाना लावला, तर दहाही नट काल आवळल्यासारखे सहज फिरून हातात आले. खालचं बूच काढलं तेव्हा पाणी, गंज, चिखल काहीतरी येईल म्हणून त्याने जुनी बालदी धरली होती. स्वच्छ ऑइल आलं. पिवळं, पातळ, कोमट.

यशवंतने ते बोटावर घेऊन उन्हाकडे धरलं. "गोड्या तेलावरी आसा रे ह्या," तो म्हणाला. मग बोट लुंगीला पुसून त्याने विषय बदलला.

चाकाला जोर पोचवणारा दांडा, म्हणजे ॲक्सल-शाफ्ट, एखादा जरी आत अडकून राहिला तर डिफरन्शियल बाहेर येत नाही, हे कालच्या पोरालाही कळतं. सगुणने दोन्ही शाफ्ट पुरते ओढून भिंतीला टेकवून ठेवले होते. तरी तो तीनदा उठून बघून आला. दोनच होते, दोन्ही भिंतीलाच होते.

त्याने कडेला पहार घातली आणि अंग टाकलं. केसभर फट पडली. पहार सरकवून पुन्हा घालायच्या आत ती फट मिटली. पुन्हा तेच. हातोडी मारली तर लोखंडाचा आवाज येईना, भाताच्या पोत्यावर मारल्यासारखं वाटे. सकाळची थंडी होती, गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती, आणि हाताला ॲक्सल ऊबदार लागत होता.

"आतसून कोण ओढता काय रे?" यशवंत हसत म्हणाला. सगुण हसला नाही. संध्याकाळी घरी जाताना यशवंतने पुढच्या चाकापाशी एक नारळ ठेवला.

घर व्हाळशीला होतं, भाड्याचं. मूळ गाव दोडामार्गाच्या पलीकडे, पण बाप विठ्ठल खाणीवर मजुरीला आला आणि इथलाच होऊन बसला. आता तो बाहेरच्या खोलीत बाकावर बसून खोकत असे. धाकूच्या बायकोचं नाव चंद्रावती. ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. त्या कामात बियांचा चीक लागून बोटं काळी पडतात, धुऊन जात नाहीत. ती उजव्या हाताच्या अनामिकेला तेवढी चिंधी बांधून जायची, कारण त्या बोटाने ती कुंकू लावत असे. तरी बोटाच्या कडा काळवंडल्या होत्याच.

भटजींनी तारीख काढून दिली होती. एरवी माणूस बेपत्ता झाला तर बारा वर्षं थांबतात. गाडी सापडली म्हणजे आता थांबायचं कारण नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. वीस तारखेला दर्भाचा पुतळा करायचा, त्याला धाकूचं नाव द्यायचं आणि नदीकाठी नेऊन जाळायचा. मग तेरा दिवस. आणि चंद्रावतीचं कुंकू.

"माझ्या झिलाक वाट गावांदे," बाप म्हणायचा. "तेचो जीव खंय लोंबकाळत आसा माका म्हायत नाय. माका झोप नाय येयत." म्हातारा निष्ठुर नव्हता. त्याला खरंच झोप येत नव्हती.

चंद्रावतीने एकच सांगितलं होतं, तेही बापाला नव्हे, सगुणला. "भावजी, तुमी ता उघडून बघा. हे आत होते असा तुमी म्हणालात तर मी काय बोलूचंय नाय. पण तुमीच सांगूक होया. भटजीन नको."

तेव्हा सगळं सगुणच्या जिभेवर येऊन राहिलं होतं.

गुरुवारी रात्री तो जेवायला बसला तेव्हा समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, बाजारातला कापडवाला दरवर्षी द्यायचा तसलं, जाड गुळगुळीत कागदाचं, महिन्याला एक पान. त्याखाली फळीवर कुंकवाचा करंडा. सकाळी कुंकू लावून झालं की बोटाला उरलेलं कुंकू चंद्रावती त्या दिवसाच्या चौकोनात पुसायची. लग्न झाल्यापासूनची सवय. पहिल्या तारखेपासून अकरापर्यंत अकरा लाल ठिपके, प्रत्येकाला बारीक काळी कड.

गाडीवर नसेल तेव्हा धाकू यशवंतच्या गॅरेजातच हात चालवायचा, आणि त्याला हा कागद फार आवडायचा. गाडीचे दोन भाग एकमेकांवर बसतात तिथे मध्ये पॅकिंग लागतं, ऑइल झिरपू नये म्हणून. विकतचं पॅकिंग परवडायचं नाही. धाकू महिना संपला की घरी यायचा आणि म्हणायचा, "महिनो सोपलो, पान दी." पान लोखंडाच्या तोंडावर धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने ठोकत जायचा. कड कापली जायची, भोकं पडायची, कात्री लागायची नाही. शेवटी एका कोपऱ्यावर तिरपी खाच मारायचा, म्हणजे पुढच्या वेळी कुठली बाजू वर ते कळतं. डिचोली-साखळीच्या निम्म्या ट्रकांच्या पोटात चंद्रावतीचं कुंकू फिरत होतं, असं यशवंत तिला चिडवायचा. धाकू गेल्यापासून पान मागायला कोणी नव्हतं. तिने ती सगळी पेटीत ठेवली होती, महिन्यामागून महिना.

शुक्रवारी दुपारी यशवंत जेवायला घरी गेला. रस्त्यावर ट्रक थांबले होते, ड्रायव्हर लोकही जेवायला गेले असावेत. पत्रा तापून टकटक वाजत होता.

सगुणने डिफरन्शियलखाली जॅक लावला, वर फळी ठेवली, म्हणजे निघालंच तर वजन अंगावर येऊ नये. पहार हातात घेतली आणि परत खाली ठेवली. त्याला धाकूचं एक बोलणं आठवलं. तो नवा होता तेव्हा धाकू त्याला गाडीखाली घेऊन सांगायचा, "जाम झाल्ला कधी ओढू नको रे. आदी आत दी. आपण सोडला असा तेका वाटूक होया. मगे ता आपणच येता."

तो उठून गुडघ्यावर बसला. दोन्ही तळहात त्या गरम लोखंडावर ठेवले आणि आत दाबलं. ओढलं नाही. नुसतं दाबून धरलं, विसाच्या आकड्यापर्यंत. मग हात सैल सोडले.

डिफरन्शियल बाहेर आलं. आवाज न करता, नेटकं, फळीवर येऊन बसलं.

मोठ्या चक्राचे तीन दात मुळातून गेले होते. सगुणने ॲक्सलच्या पोटात हात घालून तीनही तुकडे काढले आणि जागेवर लावून पाहिले. ज्या अंगाने मोडले होते त्यावरून सरळ दिसत होतं. गाडी जोर लावून वर येत होती. धाकू आत होता. शेवटपर्यंत त्याने पाय उचलला नव्हता.

हातातल्या तुकड्यांकडे बघत तो थोडा वेळ बसला. आता काहीतरी वाटेल म्हणून वाट पाहिली. वाटलं नाही. मग कामाची सवय म्हणून त्याने तोंडावरचं पॅकिंग सोलायला घेतलं.

ते फाटायला हवं होतं. साडेचार वर्षांचं पॅकिंग म्हणजे लोखंडाला चिकटलेला कोळसा, पात्याने खरवडावा लागतो. हे अखंड सुटून आलं. कागद चिकटवायला लावलेला शेलॅक अजून ओला होता, बोटाला तार धरत होता. जाड, गुळगुळीत कागद. एका कोपऱ्यावर तिरपी खाच. आणि लाल ठिपके.

दादाचंच, त्याच्या मनात आलं. त्यात नवल काय? त्याने वर उजेडात धरलं. कड्यासारख्या गोल पट्टीवर कडेकडेच्याच तारखा उरल्या होत्या. वरच्या अंगाला महिना आणि साल शाबूत होतं.

जानेवारी. एकोणीसशे एकोणऐंशी.

त्याने ते पुन्हा वाचलं. मग उठून तो रस्त्यापर्यंत गेला, उभा राहिला आणि परत आला. कागद तिथेच होता.

उजव्या कडेला सहा आणि तेरा होते, दोन्हींवर ठिपके. आज बारा तारीख होती. तेराचा ठिपका डावीकडे ओघळला होता. डाव्या कडेला चौदा, त्यावर दोन ठिपके, एकाला एक चिकटून. आणि उजवीकडे खाली एकोणीस, अर्धा चौकोन कापला गेलेला, पण ठिपका उरलेला. त्याच्या शेजारी वीस, पूर्ण चौकोन. वीस कोरी होती. एकवीस कोरी. पुढचं सगळं कोरं.

यशवंत जेवून आला तेव्हा पॅकिंग सगुणच्या डब्याच्या पिशवीत होतं. यशवंतने मोडके दात बघितले, डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला.

"मगे होतोच तर आत," तो म्हणाला.

"मिस्त्री, घरी काय सांगू नका."

"म्हणजे?"

"दात साबूत होते असा सांगतलंय मी."

यशवंतने टोपी परत डोक्यावर घातली. "मी काय बघूक नाय, जा. पण सगुण, जो नाय तेका आसा म्हणू नये रे. तेका आयकू जाता."

सगुणला ते म्हाताऱ्याचं बोलणं वाटलं. त्याच्या डोक्यात दुसरं चाललं होतं. एकोणीसला ठिपका आहे, वीसला नाही. वीस तारखेला पुतळा. म्हणजे वीसला तिचं कुंकू पुसणार, हे त्या कागदाला ठाऊक आहे. कागद कुठून आला हे त्याला कळत नव्हतं आणि कळून घ्यायची ताकदही नव्हती. पण त्याला एक करता येण्यासारखं होतं. तो खोटं बोलला तर पुतळा होणार नाही, आणि पुतळा झाला नाही तर वीसच्या चौकोनात ठिपका पडेल. मग तो कागद खोटा.

इतकी वर्षं झाली, त्याला काहीतरी करावंसं वाटलं ते हे.

घरी पोचल्यावर तो आधी स्वयंपाकघरात गेला. कॅलेंडर भिंतीवर होतं. जानेवारीचं पान अखंड, बारा ठिपके, तेरा कोरी.

बाप बाकावर सरळ होऊन बसला होता. चंद्रावती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या दुसऱ्या हातात उलथनं होतं.

"साबूत आसत," सगुण म्हणाला. "सगळे दात साबूत. गाडी रिकामी घसारली. दादा आत नव्हतो."

चंद्रावतीने उलथनं पदराला पुसलं, नुकतंच धुतलेलं असून.

"मगे खंय आसा तो?" बापाने विचारलं. "साडेचार वर्सां एक चिठी धाडूक जमूक नाय तेका? माज्यार रागावलो म्हणान?" म्हाताऱ्याचे डोळे भरले. "भटजींका सांग, रवांदे." मग त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि त्या दिवशी तो जेवला नाही. सगुणला वाईट वाटायला हवं होतं, हे त्याला कळत होतं.

"भावजी," चंद्रावती आत गेल्यावर हळू म्हणाली, "तुमी खऱ्यान सांगतात मां?"

"खऱ्यान."

"माका म्हायतच होता," ती म्हणाली आणि साडेचार वर्षांत पहिल्यांदा तिने त्याला हसून वाढलं.

तेरा तारखेला सकाळी भाकरी थापता थापता तिने कुंकू लावलं आणि ओल्या बोटाने कॅलेंडरवर टेकवलं. ठिपका डावीकडे ओघळला. सगुण चहा पीत बघत होता. त्याने कप खाली ठेवला, आपल्या खोलीत जाऊन पिशवीतलं पॅकिंग काढलं, पाहिलं आणि पत्र्याच्या ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवून कुलूप घातलं.

चौदाला संक्रांत. चार वर्षं शेजारणी तिला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही या पेचात पडत आणि शेवटी बोलवत नसत. या वर्षी ती स्वतःच सांगून आली, नवरा आहे म्हणून. समोरची रुक्मिणी सकाळीच तिळगूळ घेऊन आली. कॅलेंडरवरचे ठिपके बघून तिला गंमत वाटली. "माका लावूंदे गो एक," म्हणत तिनेही आपलं बोट चंद्रावतीच्या ठिपक्याला लावून टेकवलं.

दोन ठिपके. एकाला एक चिकटून.

सगुणने त्या दिवशी ट्रंक उघडली नाही. गॅरेजात यशवंत गाडी मोडायला घेऊ म्हणत होता. सगुण म्हणाला, वीस तारीख जाऊ दे. डिफरन्शियल फळीवर तसंच पडून होतं, त्यावर तांबडी धूळ बसत होती. ॲक्सलचं उघडं तोंड त्याने पोत्याने झाकलं. दुसऱ्या दिवशी पोतं घडी करून बाजूला ठेवलेलं होतं. यशवंत म्हणाला, त्याने हात लावला नाही.

पंधरा, सोळा, सतरा. ठिपके पडत गेले. अठराला चंद्रावतीने नवऱ्याचे दोन सदरे पेटीतून काढून उन्हात घातले.

एकोणीसला शुक्रवार. ठिपका पडला. संध्याकाळी सगुणने बापाला, चंद्रावतीला, घराला एकदा नीट बघून घेतलं. उद्या फक्त एक ठिपका, तो स्वतःशी म्हणाला. मग ते पॅकिंग चुलीत घालू. त्याला गाढ झोप लागली.

वीस तारखेला तो पोदेराच्या भोंग्याने जागा झाला. पाववाला सायकलवरून वाडीत शिरला होता. जनेलातून उजाडलेलं दिसत होतं. बाहेरच्या खोलीत बाप घोरत होता, शांत. सगुण उठून स्वयंपाकघरात आला.

चंद्रावती चुलीपुढे बसली होती. कपाळावर कुंकू होतं. मोठं, ताजं, ओलं.

त्याला हायसं वाटलं. खरंच वाटलं, छातीत, ऊन लागल्यासारखं. मग त्याने भिंतीकडे पाहिलं.

कॅलेंडरवर फेब्रुवारी होता.

वर तारेला जानेवारीची फाटकी कड तेवढी अडकली होती.

"पान खंय गेला?" त्याने विचारलं.

"दिलंय," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता. "पहाटे हे इले. पॅकिंगाक कागद होयो म्हणाले. महिनो सोपाक नाय अजून, म्हटलंय. तर घाई आसा म्हणाले, गाडी अर्दी उघडी पडली हा." तिने उजव्या हाताचं बोट वर धरलं. त्यावर कुंकू तसंच होतं. "आता माका सांगा, आजचा बोट मी खंय पुसू?"

चुलीवर मोठं तपेलं चढवलेलं होतं, आंघोळीचं पाणी तापवतात तसं. पाटाजवळ एक धुतलेला सदरा घडी करून ठेवला होता. आणि तिच्या मनगटावर, जिथे माणूस हात धरतो तिथे, तांबड्या चिखलाची चार बोटं होती.

"तुमीच सांगलात मां, आत नव्हते म्हणान," ती म्हणाली. "मगे खंय तरी असतलेच. तुमका हाक मारूक सांगल्यानी. एकट्यान ता बसवूक जमाचा नाय म्हणतत."

मागच्या पडवीत ठोके सुरू झाले. लहान, सारख्या अंतराचे, कडेकडेने जाणारे. मध्ये एक भोक पाडल्याचा जड ठोका, मग पुन्हा लहान.

सगुण आपल्या रिकाम्या हातांकडे बघत उभा होता. तो मोजत होता. दहा भोकं झाली. मग थोडा वेळ काही नाही. मग एक तिरपा ठोका, खाच मारल्याचा.

बाहेरच्या खोलीतून बापाचा झोपेतला आवाज आला.

"सगुण, सकाळफुडे काय ठोकतंस रे?"